महागडी लेन्स, स्वस्त युक्तिवाद

"डोळ्यांच्या बाबतीत पैशाकडे बघू नका." मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला आलेल्या माणसाला हे वाक्य हल्ली हमखास ऐकवले जाते. कधी दवाखान्यातली काउन्सेलर ऐकवते, कधी परदेशातला मुलगा फोनवरून ऐकवतो. कधी शेजारचे काका ऐकवतात. त्यांनी स्वतः सव्वा लाखाची लेन्स बसवून घेतलेली असते, त्यामुळे ती उगाच घेतली असे म्हणायची सोय त्यांना उरलेली नसते. वाक्य मायेचे आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीतक आहे: लेन्स जितकी महाग, तितकी नजर चांगली. हे गृहीतक चुकीचे आहे. मी स्वतः डोळ्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे ते खोडून काढायची जबाबदारी माझ्यावर इतरांपेक्षा जरा जास्तच येते.

हा सौदा कसा होतो ते आधी पाहू. रुग्णाला तपासणीसाठी बसवतात, बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि डोळे मिटून बाकावर बसायला सांगतात. तासाभराने तपासणी होते आणि मग त्याला शेजारच्या छोट्या खोलीत पाठवले जाते. तिथे प्लास्टिकचे आवरण चढवलेले एक दरपत्रक त्याच्या हातात येते. डावीकडे 'इंडियन', मग 'इम्पोर्टेड', मग 'प्रीमियम', मग त्याच्याही वरचे काहीतरी. पंचवीस-तीस हजारांपासून चढत चढत लाख-सव्वा लाखापर्यंत, तेही एका डोळ्याचे. गंमत अशी, की थेंबांमुळे त्या माणसाला जवळचे अक्षर त्या वेळी दिसत नसते. आयुष्यभर डोळ्यात राहणारी वस्तू तो न वाचता येणाऱ्या कागदावरून निवडत असतो. "काका, सगळं आयुष्य मुलांसाठी काढलंत, आता स्वतःसाठी एवढं करायला नको का?" काका बायकोकडे बघतात. बायको म्हणते, "यांना काय, सकाळचा पेपर वाचता आला म्हणजे झालं." सगळ्या संभाषणात कामाचे वाक्य हे एवढेच असते आणि ते कोणीही लिहून घेत नाही.

आता 'इम्पोर्टेड' या रकान्याबद्दल. कृत्रिम लेन्स म्हणजे सहा मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे भिंग आणि त्याला धरून ठेवणारे दोन पाय. हॅरोल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नोव्हेंबर १९४९ मध्ये पहिली लेन्स बसवली, तेव्हा त्यांना हे प्लास्टिक सुचले ते लढाऊ वैमानिकांमुळे. महायुद्धात विमानांची तावदाने फुटून त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळ्याने ते फारशी कुरकुर न करता सहन केले होते. रिडली यांच्या व्यवसायबंधूंनी पुढे कित्येक वर्षे त्यांना विरोध केला, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे ही लेन्स दीर्घकाळ परदेशातून यायची आणि शंभर डॉलरच्या पुढे जायची, म्हणून गरिबाच्या डोळ्यात ती बसतच नसे. मोतीबिंदू काढला की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा नशिबी यायचा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये अरोलॅब काढून लेन्स इथेच बनवायला सुरुवात केली आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवली. त्या लेन्स आज शंभरहून अधिक देशांत जातात. म्हणजे तिकडच्या एखाद्या रुग्णाच्या दृष्टीने आपली 'इंडियन' हीच 'इम्पोर्टेड' असते! देशी-परदेशी हा भेद दरपत्रकावर शोभतो, डोळ्याच्या आत त्याला काही अर्थ नाही.

याचा अर्थ सगळ्या लेन्स सारख्याच, असे मी म्हणत नाही. फरक आहेत, पण ते वेगळ्या जागी आहेत. पाणी न शोषणाऱ्या अ‍ॅक्रिलिकची, चौकोनी कडेची लेन्स असेल तर तिच्यामागची, नैसर्गिक भिंगाची पिशवी पुढे गढूळ व्हायचे प्रमाण कमी राहते. पाणी शोषणाऱ्या प्रकारातल्या काही लेन्सवर क्वचित कॅल्शियमचा थर बसलेलाही आढळला आहे. म्हणून लेन्स कोणत्या द्रव्याची आणि कडेची घडण कशी, हे जरूर विचारावे. पण अशी चांगली, घडी घालून आत सोडता येणारी, एकाच अंतरावर दृष्टी देणारी लेन्स दरपत्रकाच्या खालच्या भागातही मिळते. वरच्या भागात पैसे वेगळ्याच गोष्टीचे घेतले जातात: चष्म्यातून सुटका. हा मुद्दा नीट सोडवायला हवा, कारण सगळा घोळ इथेच आहे.

मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्सच्या पृष्ठभागावर बारीक वर्तुळे असतात. डोळ्यात येणारा प्रकाश ती वाटून देतात. काही लांबच्यासाठी, काही जवळच्यासाठी, ट्रायफोकल असेल तर मधल्या अंतरासाठीही. थोडा प्रकाश या वाटपात वायाही जातो. एकाच वेळी पडद्यावर एकाहून अधिक प्रतिमा पडतात आणि त्यातली हवी ती उचलायला मेंदूने शिकायचे असते. बहुतेकांचा मेंदू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते शिकतो, काहींचा शिकत नाही. वाचायला चष्मा लागत नाही हे खरे, पण रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात आणि अंधुक उजेडात रंगछटांमधला फरक थोडा मंदावतो. ही काही माझी वैयक्तिक नाराजी नव्हे. या लेन्सवरच्या चाचण्यांचे जे एकत्रित आढावे निघाले, त्यांत दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नोंदलेल्या आहेत: चष्म्याची गरज कमी, प्रकाशाच्या वलयांची तक्रार जास्त. दरपत्रकावर पहिली छापतात, दुसरी छापत नाहीत.

म्हणजे जादा पैसे देऊन 'चांगली नजर' मिळत नाही. मिळते ती चष्म्याविना चालणारी नजर, आणि तिच्यासाठी थोडी स्पष्टता मोजावी लागते. ज्याला हा व्यवहार पटतो, ज्याचा पडदा निरोगी आहे, ज्याला रात्रीची गाडी चालवायची नाही आणि नाकावरचा चष्मा मनापासून नकोसा झाला आहे, त्याने ही लेन्स जरूर घ्यावी. मी अशा लोकांना ती बसवते आणि ते खूश असतात. पण मधुमेहाने पडदा खराब झालेला, काचबिंदूने दृष्टीचा कडेचा भाग गेलेला, पडद्याच्या मध्यभागी वार्धक्याची झीज झालेली, अशा डोळ्यात आधीच कमी पडणारा प्रकाश आणखी वाटून टाकणे हा रुग्णाचा तोटा आहे. तिथे महाग लेन्स ही वाईट लेन्स ठरते. शिवाय ज्या चष्म्यापासून ही सुटका आहे तो बहुधा चाळशीचा, तीन-चारशे रुपयांना मिळणारा चष्मा असतो.

आणि कामाचे अंतर कोणी विचारते का? सोनाराचे काम वीतभर अंतरावर चालते, संगणकावर बसणाऱ्याचे हातभर. वारीला पायी जाणाऱ्या आजोबांना पायाखालचा रस्ता दिसायला हवा. आणखी एक वर्ग आहे, त्याच्याकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. लहानपणापासून उणे तीन-चार नंबर असलेली माणसे चष्मा काढून, पुस्तक नाकाशी धरून वाचतात. झोपण्यापूर्वीचे त्यांचे वाचन असेच असते. ऑपरेशन करून त्यांना लांबचे लख्ख दिसू लागते, डॉक्टर पाठ थोपटून घेतात आणि घरी गेल्यावर रुग्णाच्या लक्षात येते, की जन्मभराची ती सोय हातची गेली. साधीच लेन्स थोडा उणे नंबर ठेवून बसवली असती तर ती राहिली असती. तसेच एका डोळ्याला लांबचे आणि दुसऱ्याला जवळचे अशी वाटणीही साध्या लेन्सवर करता येते. दोन डोळ्यांतला हा फरक सहन होईल की नाही, हे आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहण्याची सोय असते. या दोन्ही उपायांना जादा रुपया पडत नाही, कदाचित म्हणूनच ते दरपत्रकावर सापडत नाहीत.

टोरिक लेन्सला मात्र माझा कौल आहे. बुबुळाच्या वक्रतेमुळे चांगलाच सिलिंड्रिकल नंबर असेल तर त्या पैशांचे चीज होते. अट एकच, ती ठरलेल्या अक्षावर बसली पाहिजे. तीस अंश फिरली तर तिचा सगळा फायदा शून्य होतो. पिवळसर छटेची, निळा प्रकाश अडवणारी लेन्स 'पडद्याच्या संरक्षणासाठी' म्हणून सुचवली जाते. असे संरक्षण मिळते याचा भरवशाचा पुरावा अजून हाती नाही. त्या कारणासाठी जादा पैसे देऊ नयेत.

दुसरा मोठा युक्तिवाद लेझरचा. 'ब्लेड नाही, हात नाही, सगळं कॉम्प्युटर करतो.' मुळात आपण ज्याला वर्षानुवर्षे 'लेझरचं ऑपरेशन' म्हणत आलो त्यात लेझर नसतोच. ती फेको पद्धत, ध्वनिलहरींची. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ती आणली, आणि कल्पना सुचली ती दंतवैद्याकडच्या दात साफ करणाऱ्या यंत्रावरून. अलीकडे खरोखरचा फेम्टोसेकंद लेझर आला आहे. तो छेद देतो, पिशवीला गोल तोंड पाडतो, मोतीबिंदूचे तुकडे सैल करतो. पुढचे सगळे, म्हणजे ते तुकडे फोडून ओढून घेणे, पिशवी साफ करणे, लेन्स सरकवणे, हातानेच होते. या यंत्राची नेहमीच्या फेकोशी समोरासमोर तुलना फ्रान्समध्ये पाच विद्यापीठ रुग्णालयांनी केली आणि ब्रिटनमध्येही झाली. दोन्हींचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. सर्वसाधारण रुग्णाला लेझरने जास्त चांगले दिसते असे त्यांत निघाले नाही, खर्च मात्र जास्त होता. काही अवघड डोळ्यांत त्याचा उपयोग असेलही. पण सरसकट सगळ्यांना 'प्रगत' म्हणून तो गळ्यात मारणे हा व्यापार आहे.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे डोळ्यांवर चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला फेको, दुसऱ्याला हाताने करायची लहान छेदाची, बिनटाक्याचीच पण स्वस्त पद्धत. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याविना पाहताना फेकोचा गट थोडा पुढे होता. चष्म्याचा नंबर देऊन पाहिल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारखे. म्हणजे ज्या पद्धतीला शहरातले लोक 'शिबिरातली' म्हणून नाक मुरडतात, ती कुशल हातात किती चांगली चालते हे आपल्याच शहरात तपासून झाले आहे.

मग निकाल ठरतो कशावर? पहिले, मोजमापावर. लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी मोजावी लागते. एक मिलिमीटर चुकला तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. सव्वा लाखाची लेन्सही चुकीच्या नंबरची बसली तर चष्मा लावावाच लागतो. म्हणून 'लेन्स कोणत्या कंपनीची' याच्या आधी 'डोळा कशाने मोजला, दोन्ही डोळ्यांची मापे एकमेकांशी जुळली का' हे विचारा. चष्म्याचा नंबर घालवायला पूर्वी लॅसिक केले असेल तर ते सांगितलेच पाहिजे, कारण त्यानंतर नेहमीची गणिते फसतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मापापूर्वी काही दिवस त्या बंद ठेवाव्या लागतात.

दुसरे, रुग्णाच्या इतर औषधांवर. पुरुषांनी हे लक्ष देऊन वाचावे. प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिनची गोळी घेत असाल तर ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो, फडफडतो, छेदातून बाहेर यायला बघतो. २००५ पासून हे माहीत आहे. सर्जनला आधी कळले तर तो तयारीनिशी उतरतो. ऐन वेळी कळले तर पंचाईत होते. ही गोळी आपल्या मनाने बंद करून उपयोग नाही, तिचा परिणाम रेंगाळतो. फक्त सांगायचे. पण 'लघवीच्या गोळीचा आणि डोळ्याचा काय संबंध' म्हणून काका गप्प बसतात आणि कोणी विचारतही नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. त्या स्वतःहून थांबवू नका, फक्त सांगा.

तिसरे, हातावर. नैसर्गिक भिंग ज्या पिशवीत असते तिची मागची भिंत सर्वांत पातळ जागी मिलिमीटरच्या हजार भागांपैकी चारेक भागांइतकी असते. तिला धक्का न लावता आतला कडक गर काढायचा आणि त्याच पिशवीत लेन्स बसवायची. ही भिंत फाटली तर ऑपरेशन लांबते, गुंतागुंत वाढते आणि ठरवलेली महागडी लेन्स कधी कधी बसवताच येत नाही. 'पाच मिनिटांचं काम' अशी जाहिरात मला म्हणूनच खटकते. सर्जनला विचारा, पिशवी फाटण्याचे तुमचे प्रमाण किती, आणि फाटली तर इथे पडद्याचा डॉक्टर मिळतो का. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्याला राग येईल त्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिले असे समजा.

चौथे, शुद्धतेवर. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूरला एकाच शिबिरात पासष्ट जणांची ऑपरेशने झाली आणि जंतुसंसर्गाने अनेकांचे डोळे काढून टाकावे लागले. एका टेबलावर एका दिवसात किती ऑपरेशने होतात, हत्यारांचा संच प्रत्येकाला वेगळा असतो का, हे प्रश्न त्या डोळ्यांनी आपल्यासाठी सोडले आहेत. आणि हा धोका फक्त शिबिरापुरता नाही. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत डोळा दुखू लागला, लाल झाला आणि दिसणे कमी झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, रविवार असला तरी, डॉक्टरला गाठायचे.

माझे व्यवसायबंधू यावर म्हणतील, आम्ही काय धर्मादाय दुकान उघडले आहे का? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर त्यांना आवडणार नाही तसे रुग्णांनाही आवडणार नाही. सर्जनच्या कौशल्याचे, मापाच्या यंत्राचे, निर्जंतुक खोलीचे पैसे द्यायला आपण लोक तयार नसतो. 'अर्ध्या तासाचे एवढे?' म्हणून घासाघीस करतो. विमा कंपनीही मोतीबिंदूला ठरावीक मर्यादेपलीकडे हात सैल सोडत नाही. मग दवाखाना तो सगळा खर्च आणि नफा लेन्सच्या किमतीत लपवतो, कारण वस्तूचे पैसे द्यायला कोणी का-कू करत नाही. हृदयातल्या स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिली, त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची. डोळ्यातली लेन्स त्या यादीत आली नाही. माझे मत असे, की फी उघड घ्यावी आणि लेन्स तिच्या किमतीत द्यावी. तोवर रुग्णाने एवढे करावे: लेन्सचे, ऑपरेशनचे आणि तपासण्यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. विमा असेल तर आधीच लेखी विचारून घ्यावे. बहुतेक पॉलिसींत मोतीबिंदूला सुरुवातीची दोनेक वर्षे संरक्षण नसते आणि मल्टिफोकलचे जादा पैसे अनेक कंपन्या नाकारतात.

हे सगळे वाचून 'डॉक्टर लुटतातच, त्यापेक्षा नकोच ते' असे कोणी म्हणणार असेल, तर त्यालाही माझा तितकाच विरोध आहे. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी जवळपास दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले, आणि ते सगळे टाळता येण्याजोगे होते. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब कुठलेही नाहीत. मध नाही, गुलाबपाणी नाही, इंटरनेटवरून मागवलेली बाटलीही नाही. 'पिकू द्या' हा सल्ला जुन्या काळच्या ऑपरेशनचा होता. आता जास्त पिकलेला म्हणजे जास्त कडक, जास्त जोखमीचा. फारच पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. रोजच्या कामात अडू लागले की वेळ झाली. पैसे नसतील तर सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होते, आणि राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी राखाव्या लागतात. तिथे साधी लेन्स मिळाली म्हणून हळहळू नका. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले तर तो 'मोतीबिंदू परत आला' नव्हे. मागची पिशवी गढूळ झालेली असते आणि याग लेझरने तिला काही मिनिटांत भोक पाडता येते. महागड्या लेन्समागेही ती गढूळ होऊ शकते. फक्त मल्टिफोकल पटत नसेल तर याग करण्यापूर्वीच सांगा, कारण पिशवीला भोक पडल्यावर लेन्स बदलणे फार अवघड जाते.

शेवटचे एक काम घरी जाण्यापूर्वीचे. प्रत्येक लेन्सच्या खोक्यात छापील स्टिकर येतात. त्यांवर कंपनी, मॉडेल, नंबर आणि त्या एका लेन्सचा अनुक्रमांक असतो. त्यातला एक तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर चिकटवलेला असायला हवा. नसेल तर मागून घ्या, बिलावरच्या नावाशी ताडून पाहा आणि कागद जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तो लागेल.